वाफ्यात मांजराची घाण

भातकापणी उरकली की शहापूर-मुरबाडकडे घरामागच्या परसात मेथी, मुळा, वांग्यांचे वाफे तयार होतात. नुकतीच भुसभुशीत केलेली कोरडी माती मांजराला नेमकी हवी असते. उकरायला सोपी, विष्ठा झाकायला सोयीची.

प्रश्न वासापुरता नाही. मांजराच्या विष्ठेतून ‘टॉक्सोप्लाझ्मा गोंडी’ हा परजीवी पसरू शकतो. तो १९०८मध्ये सापडला. त्याच्या प्रसारातली मांजराची भूमिका मात्र १९७०च्या सुमारास उलगडली. विष्ठेतली त्याची अंडीवजा बीजे लगेच बाधत नाहीत, ती पक्व व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणूनच रोजच्या रोज घाण उचलणे सर्वांत महत्त्वाचे. एकदा पक्व झालेली बीजे ओलसर मातीत वर्षभरही तग धरतात. गर्भाला धोका असल्याने गरोदर बाईने हे काम अजिबात करू नये. इतरांनीही हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत आणि पालेभाजी नीट धुऊनच चिरावी.

उचललेली घाण खताच्या खड्ड्यात नको. भाजी आणि विहिरीपासून लांब, खोल पुरावी.

बी पेरल्यावर वाफ्यावर करवंदीच्या काटेरी फांद्या आडव्यातिडव्या पसरल्या की मांजर सहसा पाय ठेवत नाही. कोपऱ्यात कोरड्या वाळूचा ढीग ठेवला तर त्याला पर्यायी जागा मिळते. फिनेल आणि डांबरगोळ्या मात्र वापरू नयेत, दोन्ही मांजराला विषारी आहेत. मांजराला विष घालणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.