राणीच्या बागेत आम्ही काय पाहिले?



दिवाळीच्या सुट्टीत, बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी, सभासदांच्या चाळीस मुलामुलींना घेऊन आम्ही मुंबई पाहून आलो. बरोबर चार वडीलधारे सभासदही होते. मुलांचा एकच धोशा, "भायखळ्याला चला, पेंग्विन बघायचेत!" पेंग्विन पाहिले. पण हा लेख लिहावासा वाटला तो पुढे जे पाहिले त्यामुळे.

राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली लोकांना खुले झाले. मुळात ही झाडांची बाग. प्राणी मागाहून आले. पन्नास एकरांवरील या बागेत तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. आफ्रिकेतली गोरखचिंच, ब्रह्मदेशची उर्वशी, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती इथे मुंबईच्या मातीत रुजले आहेत. दरवर्षी महानगरपालिका इथे झाडाफुलांचे प्रदर्शन भरवते. झाडांवर प्रेम करणारी काही मंडळी लोकांना बागेत फिरवून एकेका झाडाची ओळख करून देतात.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याची हकिकत सहकारातल्या माणसाने मुद्दाम ऐकावी अशी. इमारतीसाठी नाना शंकरशेट, गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी आदि मंडळींनी पुढाकार घेऊन लोकांकडून वर्गणी उभारली. मध्येच १८६५ साली कापसाची तेजी संपली, शेअरबाजार कोसळला आणि पैसा आटला. भाव पडले की काय होते, हे आपणांस सांगायला नको! अखेर सरकारी मदतीने काम पुरे होऊन २ मे १८७२ रोजी दारे उघडली. १९७५ साली संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजींचे नाव दिले गेले. पुढे इमारतीची रया गेली होती. तीही मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ साली पुन्हा खुली झाली. आता तिथे प्रदर्शने, व्याख्याने, मुलांसाठी चित्रकला-हस्तकलेचे वर्ग असे काही ना काही चालू असते.

आत निरनिराळ्या व्यवसायांचे, पेहरावांचे, पगड्यांचे मातीचे नमुने मांडलेले आहेत. पगड्यांपाशी आमचे एक आबा थबकले. "ही आमच्या आज्याच्या डोक्यावर असायची," म्हणाले, आणि बांधायची कशी ते खांद्यावरच्या टॉवेलनेच दाखवू लागले. चाळीस पोरे गप्प उभी राहून बघत होती. वर्गात असे कधी होत नाही!

परत आल्यावर आम्ही मुलांना कागद दिले आणि सांगितले, तुमच्या बांधावर कोणकोणती झाडे आहेत ती लिहा. बहुतेकांची तीन-चार नावांवर गाडी अडली. एका मुलीने लिहिले, "एकपण नाही." आम्ही विचारले, "का गं?" तर म्हणाली, "दोन सऱ्या वाढतात म्हणून तोडली." तिचे आबा शेजारीच उभे होते, टॉवेलाची पगडी बांधून दाखवणारे तेच. ते काही बोलले नाहीत. बोलणार तरी काय? आमच्यातल्या कित्येकांचे बांध असेच मोकळे आहेत.

दोन सऱ्यांचा ऊस काट्यावर वजनात दिसतो, हे खरे. पण उंदरांवर टपणारे घुबड त्याच झाडाच्या ढोलीत राहते, अळ्या टिपणारे पक्षी त्याच फांदीवर बसतात, आणि ऊसतोडीच्या माणसांनी भाकरी सोडायची तीही त्याच सावलीत. हा हिशेब कुठल्याच पावतीवर येत नाही.

मुंबईकरांनी वर्गणी काढून संग्रहालय उभारायला घेतले. आपण तर मुळातच भागभांडवल जमवून कारखाना उभा केलेली माणसे. आम्हांला मोठे काही सुचवायचे नाही. शाळेच्या आवारात आपल्या भागातली झाडे लावावीत, प्रत्येकावर नावाची पाटी असावी. एका खोलीत मोट, पाभर, जुनी वजनेमापे, पागोटी ठेवावीत. आणि महिन्यातून एकदा आबा-आजींनी मुलांना ती समजावून सांगावीत. हा विषय येत्या वार्षिक सभेत आम्ही मांडणार आहोत.

तोवर एवढेच करा. बांधावर उरलेल्या झाडाचे नाव घरातल्या पोराला सांगा. उरलेच नसेल, तर येत्या पावसाळ्यात एक लावा, आणि खड्डा त्यालाच खणू द्या.