सहा आकड्यांचा दरवाजा

भोर-वेल्ह्यातल्या आजी-आजोबांच्या मोबाइलवर बँकेकडून सहा आकडी ओटीपी येतो. त्याचे बळ कशात आहे? प्रत्येक जागी ० ते ९ पैकी कोणताही अंक येऊ शकतो. म्हणजे दहाचा सहावा घात, १०,००,००० शक्यता! त्यांतली एकच खरी, तीही काही मिनिटांपुरती. ती अंदाजाने ओळखणे चोराला जवळजवळ अशक्य. म्हणून तो गोड बोलून विचारतो. राजगडाचा पाली दरवाजा कितीही भक्कम असो, आतून कुणी अडसर काढला तर काय उपयोग?

हा हिशेब घरी समजावून सांगा. चुकून आकडा दिला गेलाच, तर रागावू नका. भीतीने माणसे गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे खात्याखात्यांतून पसार होतात. लगेच १९३० ला फोन करा.