कोर्टाने ‘नेट बंद’ म्हटले, की नेमके काय बंद होते?

न्यायालयाने एखाद्याला ‘इंटरनेट वापरायचे नाही’ या अटीवर सोडले, की ‘स्वस्तात सुटला’ हीच पहिली प्रतिक्रिया उमटते. तुरुंगापुढे ती सवलतच वाटते. अशा अटीखाली ज्यांनी प्रत्यक्ष दिवस काढले, त्यांच्या रोजच्या जगण्याकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते.

केव्हिन मिटनिक हा अमेरिकेतला गाजलेला हॅकर. फेब्रुवारी १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात तो पकडला गेला. जवळजवळ पाच वर्षे आत काढून २१ जानेवारी २००० रोजी सुटला, पण पुढची तीन वर्षे देखरेखीखाली होती. या काळात संगणक नाही, मोडेम नाही, मोबाइलसुद्धा नाही. घरातला तारेचा फोन तेवढा चालणार. बाकी काही हवे असेल तर देखरेख अधिकाऱ्याची परवानगी काढायची. सुटून दोन महिने व्हायच्या आत, मार्च २००० मध्ये, सिनेटच्या समितीने त्याला संगणक सुरक्षेवर साक्ष द्यायला बोलावले. सरकारला त्याचे ज्ञान हवे होते आणि ज्या यंत्राबद्दल ते ज्ञान होते, त्याला हात लावायची त्याला मनाई होती. पुढे ‘एलिअस’ या टीव्ही मालिकेत त्याने सीआयएच्या माणसाची छोटी भूमिका केली, तेव्हा त्याच्यापुढे खोटा, नुसता दिखाऊ संगणक ठेवावा लागला. बंदीची मुदत संपली त्याच दिवशी, २१ जानेवारी २००३ ला, तो टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर पुन्हा इंटरनेटवर आला आणि ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी त्याला लॅपटॉप भेट दिला.

म्हणजे अशी बंदी कायमचीच असते, हे काही खरे नाही. तिला बहुधा मुदत असते: जामीन असेल तोवर, खटला चालेल तोवर किंवा देखरेखीची वर्षे संपेपर्यंत.

दुसरा समज असा की ही झळ एकट्या आरोपीला बसते. सॅम बँकमन-फ्राइडचे प्रकरण आठवावे. ‘एफटीएक्स’ हे क्रिप्टो चलनाचे विनिमय केंद्र बुडाल्यावर तो कॅलिफोर्नियात आईवडिलांच्या घरी जामिनावर राहत होता. मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला इंटरनेट नसलेला साधा फोन आणि ठरावीक संकेतस्थळेच उघडतील असा लॅपटॉप एवढेच वापरायची मुभा दिली. पण घर आईवडिलांचे, उपकरणे त्यांची! म्हणून आपली उपकरणे मुलाच्या हाती पडू देणार नाही, अशी हमी त्या दोघांना शपथेवर द्यावी लागली. गुन्ह्याचा आरोप मुलावर आणि घरात फोन कुठे ठेवायचा याची काळजी सगळ्यांना. (ऑगस्टमध्ये त्याचा जामीनच रद्द झाला, पण साक्षीदारांवर दबाव आणण्याच्या प्रयत्नासाठी.)

नेटशिवाय माणूस सुखी होतो, असेही काही जण म्हणतात. ब्रिटनचा जेक डेव्हिस याचे उदाहरण त्यासाठी देता येईल. ‘लल्झसेक’ या हॅकर गटातल्या या तरुणाला २०११ मध्ये शेटलंड बेटांवरून अटक झाली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. जामिनाच्या अटी अशा: इंटरनेट वापरायचे नाही, नेट जोडता येईल असे उपकरण जवळ बाळगायचे नाही, रात्री घराबाहेर पडायचे नाही आणि पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा. वर्षभराने त्याने ‘ऑब्झर्व्हर’मध्ये लेख लिहून आपल्याला नेटशिवाय बरे वाटते असे सांगितले. ते प्रांजळच असणार. पण पोटापाण्यासाठी, बँकेसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी ज्याला रोज फोन उघडावा लागतो, त्याच्या बाबतीत हा दाखला लागू पडत नाही. शिवाय मे २०१३ मध्ये शिक्षा झाल्यावर डेव्हिसवर पुढे जी बंधने आली ती नेमकी होती: जुन्या गटाशी संपर्क करायचा नाही, फायली सांकेतिक करून लपवायच्या नाहीत, नेटवरच्या वापराचा इतिहास पुसायचा नाही. नेट त्याला परत मिळाले.

सरसकट बंदी सोडून नेमक्या बंधनांकडे हा जो प्रवास झाला, तोच या विषयात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल अपील न्यायालयाने २००१ मध्येच म्हटले होते, की फोनवरून फसवणूक करता येते म्हणून कुणाला फोनच वापरू नकोस असे सांगता येत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयानेही २०११ मध्ये लैंगिक गुन्ह्यांच्या प्रकरणात सरसकट नेटबंदी प्रमाणाबाहेरची ठरवली. वापराचा इतिहास जपून ठेवणे आणि पोलिसांनी मागितल्यावर उपकरण तपासायला देणे, असा मार्ग दाखवला. मग जून २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पॅकिंगहॅम विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना’ खटल्यात एक कायदाच रद्द केला. नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगाराने फेसबुकसारख्या माध्यमांवर जाणे हाच त्या कायद्याने गुन्हा होता. खटल्यातल्या आरोपीने काय केले होते? वाहतुकीच्या दंडाची केस रद्द झाली म्हणून फेसबुकवर देवाचे आभार मानले होते! मुलांना गाठून फसवण्यावर राज्याला नेमकी बंदी घालता येईल, पण बातम्या, नोकरी आणि चर्चा यांचे सगळे दरवाजे एकदम लावता येणार नाहीत, असा निकालाचा रोख होता. गुन्ह्यांची घृणा बाजूला ठेवून असा विचार करणे सोपे नव्हते, म्हणूनच तो मोलाचा आहे.

आपल्याकडे काय? इथे पहिला गोंधळ दोन बंद्यांचा होतो. दंगलीच्या वेळी जिल्ह्याचे नेट बंद होते तो प्रशासनाचा आदेश. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात बेमुदत बंदी चालणार नाही असे सांगितले, ते त्याबद्दल. एका माणसावरची बंदी येते ती जामिनाच्या अटीतून आणि भारतात ती बहुतेक वेळा सोशल मीडियापुरती असते. २०२० मध्येच मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने एका विद्यार्थ्याला दोन महिने सोशल मीडियापासून दूर राहायला सांगितले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका आरोपीवर दोन वर्षे किंवा खटला संपेपर्यंत तशीच अट घातली. लक्षात ठेवायचे ते हे, की या दोघांचाही गुन्हा तेव्हा सिद्ध झालेला नव्हता.

जामीन देताना न्यायाधीश वाटेल ती अट घालू शकतात, हा समजही टिकणारा नाही. जुलै २०२२ मध्ये पत्रकार मोहम्मद झुबेर यांना ट्वीट करण्यास मनाई करावी, अशी मागणी उत्तर प्रदेश सरकारने केली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती फेटाळली: वकिलाला युक्तिवाद करू नकोस म्हणण्यासारखेच हे झाले, आणि अटीचा तिच्या हेतूशी मेळ असायलाच हवा. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने उलट प्रकारची अट रद्द केली. तिथे आरोपीने गुगल मॅपवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसेल असे ठेवायचे होते. जामिनावरच्या माणसावर चोवीस तास पाळत ठेवता येणार नाही, तो त्याच्या खासगीपणावर घाला ठरेल, असे न्यायालयाने सांगितले.

उरला प्रश्न अट मोडल्याचा. एक स्टेटस टाकले की लगेच बेड्या पडतात, असे होत नाही. अमेरिकेत देखरेख अधिकारी उपकरणात नजर ठेवणारे सॉफ्टवेअर बसवू शकतात. आपल्याकडे अटभंग बहुधा तक्रारीतूनच पुढे येतो. मग जामीन रद्द करण्यासाठी अर्ज होतो, आरोपीला बाजू मांडता येते आणि न्यायालय ठरवते. अट फार जाचक असेल, समजा यूपीआयवर चालणारा धंदाच तिच्यामुळे बसत असेल, तर ती मोडण्याची गरज नाही. दंडाधिकाऱ्याने घातलेली अट बदलण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार सत्र आणि उच्च न्यायालयाला आहे. हा अधिकार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४८३ मध्ये आहे. अर्जात मात्र नेट कशासाठी आणि किती लागते हे मुद्देसूद लिहावे लागते: कोणते ॲप, कोणते काम, कोणता पुरावा.