छोट्या दुकानदारावर कराचा बोजा : वही हीच ढाल

कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या बाजारात किराणा, कापड, शिलाई, गॅरेज असे लहान धंदे करणाऱ्या आमच्या बांधवांना कराचे नाव काढले की धडकी भरते. "आपला धंदा तो केवढा, आपल्याला कोण विचारतो?" असे म्हणून पुष्कळजण हा विषय टाळतात. आमच्या मते खरा धोका याच समजुतीत आहे.

मुंबई इलाख्यात विक्रीकर १९४६ साली आला. पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा, १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. नावे बदलली, लहान माणसाची अडचण तीच राहिली. त्याच्याकडे हिशेब लिहायला मुनीम नाही.

१ एप्रिल २०१९ पासून फक्त माल विकणाऱ्यास वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. रक्कम मोठी वाटते, पण रोजचा गल्ला ११ हजारांचा झाला की वर्षात ती ओलांडली जाते. मग नफा रुपयाला पाच पैसे का असेना! मालाबरोबर मजुरीही घेणाऱ्या गॅरेजवाल्याला किंवा गिऱ्हाइकाच्या कापडावर शिलाई करणाऱ्या टेलरला मर्यादा २० लाखांचीच आहे. वीटभट्टीवाल्यांनाही १ एप्रिल २०२२ पासून २० लाखांचीच मर्यादा लागू आहे.

पूर्वी गल्ल्यातली रोकड कोणाला दिसत नसे. आता दुकानात क्यूआर कोड लागला आणि प्रत्येक रुपया बँकेत नोंदला जाऊ लागला. शेजारच्या कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये अशा नोंदींवरून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा गेल्या. हावेरी येथील एका भाजीवाल्याकडे चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या व्यवहारावर २९ लाखांची मागणी झाली. वास्तविक ताज्या भाजीवर जीएसटी नाही! व्यापाऱ्यांनी ओरड केल्यावर मागील बाकी वसूल करणार नाही, मात्र नोंदणी करावी, असे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जाहीर केले. प्रत्येक वेळी असे घडेलच, या भरवशावर कोणी राहू नये.

आखातातून भावाने पाठवलेले पैसे, भिशीची रक्कम, परत आलेली उसनवारी हे सारे दुकानाच्याच खात्यात जमा होत असेल, तर ती विक्री नव्हे हे सांगण्याची पाळी आपल्यावर येते. म्हणून धंद्याचे खाते वेगळे ठेवा. रोजमेळ रोज लिहा. करमाफ मालाची विक्री निराळ्या रकान्यात मांडा. खरेदीची बिले जपून ठेवा.

मर्यादा ओलांडली असेल तर दडून बसू नये. नोंदणी टाळल्यास थकलेला कर, त्यावर व्याज आणि दंड किमान १० हजारांचा. त्यापेक्षा दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला करपात्र विक्रीवर १ टक्का भरण्याची कंपोझिशन योजना सोपी पडते. कर तिमाहीने भरावा, विवरणपत्र वर्षातून एकदा. मात्र हा कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि माल राज्याबाहेर विकता येत नाही. वीटभट्टीवाल्यांना ही योजना नाही.

एकट्याला हिशेबनीस परवडत नाही, हे आम्ही जाणतो. पण कळंब-नेरळकडील दहा-पंधरा दुकानदारांनी मिळून एक हिशेबनीस ठेवला, तर खर्च वाटला जाईल आणि नोटीस आली तरी उत्तर तयार असेल. बांधवांनी याचा जरूर विचार करावा.