रक्तप्रवाहाचा जन्म

खेड्यात वाढलेल्या मुलांना एक गंमत ठाऊक असेल. खुडूक कोंबडी चारपाच दिवस अंड्यांवर बसली, म्हणजे त्यांतील एखादे अंडे हळूच उचलून अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरावे. कवचातून उजेड आरपार जातो आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रेषा पसरलेल्या दिसतात. त्या रेषा म्हणजे रक्तवाहिन्या होत. कोंबडीने अंडे घातले तेव्हा त्यात रक्ताचा एक थेंबही नव्हता. होता तो पांढरा बलक, पिवळा बलक आणि पिवळ्या बलकावर एक लहानसा फिकट ठिपका. मग हे रक्त आले कोठून? आणि ते वाहून नेणाऱ्या नळ्या कोणी बसविल्या?

हा प्रश्न फार जुना आहे. ॲरिस्टॉटल या ग्रीक पंडिताने सुमारे २३०० वर्षांपूर्वी तिसऱ्या दिवसाच्या अंड्यात एक उडणारा तांबडा ठिपका पाहिला आणि ते हृदय आहे हे ओळखले. १६२८ साली हार्वे या इंग्रज वैद्याने रक्त शरीरात फिरत असते हे सिद्ध केले. १६६१ साली माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाला बेडकाच्या फुप्फुसात केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. परंतु रक्तवाहिनी प्रथम तयार होते कशी, हे कोडे त्यानंतरही सुटले नाही. याचे कारण सोपे आहे. शास्त्रज्ञ मृत गर्भाचे पातळ काप काढून त्यांचे निरीक्षण करीत. कुंभाराच्या घरी सकाळी चिखल पाहिला आणि सायंकाळी मडके पाहिले, तर मधल्या वेळात चाकावर काय घडले हे तर्कानेच सांगावे लागते. आणि तर्क म्हटला की मतभेद आलेच.

हे चाक फिरत असताना पाहण्याचे एका स्त्रीने मनावर घेतले. तिचे नाव फ्लॉरेन्स सेबिन. अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतात, सेंट्रल सिटी या खाणींच्या गावी, १८७१ साली त्यांचा जन्म झाला. वडील खाणींवर काम करीत. आई लहानपणीच वारली. पदवी मिळाली, पण वैद्यकाच्या शिक्षणास पैसा नव्हता. म्हणून फ्लॉरेन्सबाईंनी तीन वर्षे शिक्षिकेचे काम करून तो साठविला आणि १८९६ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यक विद्यालयात नाव घातले. त्या काळी मुलींना तेथे प्रवेश मिळाला याचे श्रेय मेरी गॅरेट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांना आहे. विद्यालय उघडण्यास पैसा अपुरा पडला, तेव्हा त्यांनी तो उभा करून दिला. मात्र मुलांना जे नियम तेच मुलींना, ही अट घालून!

फ्लॉरेन्सबाईंनी प्रथम हाती घेतल्या त्या लसिकावाहिन्या. रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या या नळ्या आहेत. त्या मांसातील पोकळ्यांपासून निर्माण होतात आणि नंतर शिरांना जाऊन मिळतात, असे पुष्कळ पंडित मानीत. फ्लॉरेन्सबाईंनी डुकराच्या अगदी लहान गर्भांत सुईने रंग भरला आणि तो कोठवर पसरतो हे पाहिले. जितका गर्भ कोवळा, तितका रंग शिरांच्या जवळच थांबे. गर्भ वाढेल तसा तो दूरवर पोहोचे. झाडाच्या खोडाला धुमारे फुटावेत, तशा लसिकावाहिन्या शिरांनाच फुटतात, असा निष्कर्ष त्यांनी १९०२ साली मांडला. यावर वाद झडले. अखेर २००७ साली उंदरांच्या पेशींवर कायमची खूण करून त्यांचा वंश शोधण्यात आला, तेव्हा या वाहिन्या प्रामुख्याने शिरांपासूनच निघतात हे दिसून आले.

पुढे त्या रक्तवाहिन्यांकडे वळल्या. दुसऱ्या दिवसाच्या अंड्यातील कोवळा गर्भ त्यांनी अलगद काढला, खारट द्रावणाच्या थेंबात काचेच्या पातळ चकतीखाली लोंबत ठेवला आणि उबदार पेटीत सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरला. गर्भ जिवंत होता, वाढत होता. एके दिवशी त्या अशा बसल्या की रात्र सरून गेली तरी जागच्या उठल्या नाहीत. पेशींची रचना बदलेल तो क्षण डोळ्यांआड होऊ द्यावयाचा नव्हता.

त्यांना काय दिसले? प्रथम काही साध्या पेशी इतरांपासून वेगळ्या झाल्या आणि त्यांचे भरीव पुंजके व दोरे बनले. मग पुंजक्याच्या मधला भाग विरघळून त्याचा द्रव झाला. तोच रक्तातील पहिला पाणीदार भाग. बाहेरच्या पेशी चपट्या होऊन एकमेकींना चिकटल्या. तीच नळीची भिंत. म्हणजे नळी आधी आणि पाणी मागाहून, असे येथे घडत नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच घरी जन्मतात. शेजारचे पुंजके जोडले जाऊन जाळे तयार झाले. याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. भिंतीतीलच काही पेशी आत फुगल्या, त्यांच्यात तांबूस छटा आली आणि त्या रक्तपेशी झाल्या. शेवटी हृदयाचा पहिला ठोका पडला. आयुष्यातील सर्वांत रोमांचक अनुभव तोच, असे फ्लॉरेन्सबाई पुढे सांगत. ही निरीक्षणे १९२० साली सविस्तर प्रसिद्ध झाली.

ज्यांना रक्तवाहिनीच्या भिंतीतून रक्तपेशी निघते हे पटेना, असे शास्त्रज्ञ पुष्कळ होते. दरम्यान १९१७ साली विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले; असे पद मिळालेल्या त्या तेथील पहिल्याच स्त्री. तथापि विभागाचे प्रमुखपद त्यांना न देता त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याला दिले. हे न्याय्य झाले असे मला वाटत नाही. त्या मात्र नोकरी न सोडता आणखी काही वर्षे तेथेच संशोधन करीत राहिल्या. १९२५ साली त्या न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेल्या आणि क्षयरोगाच्या अभ्यासात गुंतल्या. १९५३ साली त्यांचे निधन झाले.

आता मूलपेशींविषयी सांगावयास हवे. जी पेशी आपल्यासारख्या आणखी पेशी निर्माण करते आणि निरनिराळी कामे करणाऱ्या पेशींनाही जन्म देते, तिला मूलपेशी म्हणतात. आपल्या हाडांच्या मगजात रक्ताच्या मूलपेशी असतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून मगजाला दर सेकंदाला सुमारे २० लक्ष नव्या तांबड्या पेशी तयार कराव्या लागतात! टोरांटो येथील टिल आणि मॅक्युलक या दोघांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवून दिले की, मगजातील एकेका पेशीपासून रक्तपेशींची अख्खी वसाहत वाढते. पण या मूलपेशी गर्भात मुळात येतात कोठून?

२००९ आणि २०१० या वर्षांत याचे उत्तर मिळाले. आता सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडता येतो व पेशींना चमकता रंग देता येतो, त्यामुळे कोणाला रात्रभर डोळा लावून बसावे लागत नाही. उंदराच्या आणि पारदर्शक माशाच्या गर्भांचे चलच्चित्र घेण्यात आले. त्यात महारोहिणीच्या भिंतीतील चपटी पेशी हळूहळू वाकते, गोल होते आणि भिंतीपासून सुटते, असे स्पष्ट दिसले. अशाच पेशींतून रक्ताच्या मूलपेशी येतात. फ्लॉरेन्सबाईंनी कोंबडीच्या गर्भात भिंतीतून रक्तपेशी निघताना पाहिली होती, त्यास तेव्हा ९० वर्षे होत आली होती.

रक्ताचा कर्करोग झालेल्या काही मुलांना दुसऱ्याच्या मगजातील मूलपेशी देऊन बरे करता येते. परंतु जुळणारा दाता प्रत्येकाला सापडतोच असे नाही. म्हणून रक्तवाहिनीच्या भिंतीतील पेशींना प्रयोगशाळेत रक्ताच्या मूलपेशी बनविण्यास कसे शिकवावे, यावर आज अनेक देशांत काम चालू आहे. उंदरांत त्याला बरेच यश आले आहे. माणसासाठी प्रयत्न सुरू आहेत.