स्वप्नातली स्पोर्ट्स कार कर्जावर घ्यावी का? ईएमआयच्या पलीकडचा हिशेब

रीलवर स्पोर्ट्स कारचा आवाज ऐकला की अनेक जण लगेच ईएमआय कॅल्क्युलेटर उघडतात. हप्ता पगारात बसतोय असं दिसलं की अर्धा निर्णय तिथेच होतो. पण हप्ता झेपेल का, हे बँकही तपासतेच. तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दोन वर्षांनी नोकरी गेली आणि गाडी विकावी लागली, तर त्या पैशांत कर्ज फिटेल का?

उदाहरण घेऊ. परदेशात बनून येणारी, शोरूम किंमत ८० लाख रुपये असलेली पेट्रोल गाडी तुम्ही महाराष्ट्रात घेताय. आयात गाडीवर राज्यात २० टक्के एकरकमी रस्ता कर लागतो, म्हणजे १६ लाख रुपये. (देशात बनलेली २० लाखांवरची पेट्रोल गाडी वैयक्तिक नावावर घेतली, तर हाच कर १३ टक्के.) विमा आणि नोंदणी धरून आकडा कोटीच्या आसपास जातो. १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएसही भरावा लागतो, पण तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. रस्ता कराचं तसं नाही. गाडी विकताना तो कुणी वेगळा मोजून देत नाही.

आता समजा, २० लाख खिशातून घातले आणि ८० लाखांचं कर्ज ९ टक्के व्याजाने ७ वर्षांसाठी घेतलं. हप्ता येतो सुमारे १ लाख २८ हजार ७०० रुपये आणि एकूण व्याज २८ लाखांच्या वर. दोन वर्षं नियमित हप्ते भरल्यावरही ६२ लाख मुद्दल शिल्लक असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो.

तोवर गाडीचं काय झालं? विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो घसारा धरतात, त्यानुसार दोन वर्षं उलटल्यावर ३० टक्के कमी होतात. म्हणजे ५६ लाख. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली, तर साध्या पॉलिसीत याच रकमेच्या आसपास भरपाई मिळते आणि गाडी तारण असल्याने त्यावर पहिला हक्क बँकेचा. गाडी गेली आणि वर ६ लाख देणं उरलं! ‘झिरो डेप’ इथे उपयोगाचं नाही, ते सुट्या भागांच्या घसाऱ्यासाठी असतं. यासाठी ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि ते साधारणपणे पहिली काही वर्षंच मिळतं.

हेच कर्ज ५ वर्षांचं घेतलं तर हप्ता १ लाख ६६ हजारांवर जातो, पण दोन वर्षांनी शिल्लक राहते ५२ लाखांच्या आसपास, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा कमी. शिवाय व्याजाचे साडेआठ लाख वाचतात. त्यामुळे हप्ता ५ वर्षांच्या मुदतीत बसत नसेल आणि केवळ ७ वर्षांमुळेच बसत असेल, तर ती गाडी सध्या तुमच्या आवाक्याबाहेर आहे, असं आमचं स्पष्ट मत.

घर घ्यायचं बाकी असेल तर आणखी एक आकडा पाहा. १ लाख २८ हजारांच्या हप्त्यात, ८.५ टक्के व्याजाने, २० वर्षांचं सुमारे १ कोटी ४८ लाखांचं गृहकर्ज फेडता येतं. गृहकर्ज देताना बँक चालू हप्ते वजा करूनच तुमची क्षमता मोजते. तिशीत घेतलेली गाडी घराचा निर्णय काही वर्षं पुढे ढकलू शकते, हे घरच्यांशी आधीच बोललेलं बरं.

म्हणून स्वप्न सोडायचं का? नाही. गाडी ही गुंतवणूक नव्हे, हौस आहे आणि हौसेला पैसे लागतातच. बुकिंगआधी सहा महिने ५ वर्षांच्या हिशेबाचा हप्ता, अधिक पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि विम्याचा मासिक वाटा दर महिन्याला बाजूला टाकून पाहा. जमलं, तर डाउन पेमेंटमध्येही भर पडते. कर्जाचा दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकीवर, हेही विचारा. ५ वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात १५ टक्क्यांहून जास्त. आणि दर स्थिर असेल, तर मुदतीआधी फेडताना दंड किती, ते करारात वाचा.

दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी हा पर्याय अनेकांना कमीपणाचा वाटतो. पण तिचा रस्ता कर आणि सुरुवातीची मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज थोडं जास्त पडतं. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर इथे नोंदणी करताना महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी पाहताना तो आकडा किमतीत आधी मिळवा.