आकाशातली मुशाफिरी आणि खाणकाम : नवशिक्यांना चार सूचना



इथे मॅसॅच्युसेट्समध्ये डिसेंबरात संध्याकाळी साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. एकदा बर्फ साचला की श्रूजबरीत कोणी कोणाकडे सहज म्हणून जात नाही. घरोघरी नातवंडं संगणकापुढे आणि आजी-आजोबा टीव्हीपुढे, असा कारभार सुरू होतो. तुमच्याकडे बर्फ नसेल, उन्हाळा असेल, पण कारभार तोच असणार. आमच्या घरी मात्र काही हिवाळ्यांपासून दोन खुर्च्या एकाच पडद्यापुढे असतात आणि आम्ही आजी-नातवंडं मिळून 'एलीट डेंजरस' नावाचा अंतराळाचा खेळ खेळतो. बरेच जण विचारतात, या वयात हे कसं जमतं? म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख.

खेळ आहे तरी काय?

अंतराळातल्या खेळांचा जन्म आमच्या शेजारचाच. १९६२ साली बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये, एमआयटीत, स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा खेळ तयार केला. पीटर सॅमसन यांनी त्याच्या पडद्यावर खऱ्या आकाशातले तारे जागच्या जागी मांडले होते. तो खेळ चालायचा डिजिटल कंपनीच्या पीडीपी-१ या संगणकावर. पुढे त्याच डिजिटल कंपनीचं मोठं केंद्र आमच्या श्रूजबरीतही होतं.

'एलीट' मात्र इंग्लंडचा. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी तो १९८४ साली काढला. आताचा 'एलीट डेंजरस' डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात आपली सबंध आकाशगंगा आहे, सुमारे ४० हजार कोटी ताऱ्यांची! इतकी वर्षं हजारो लोक खेळत आहेत, तरी त्यातले एक टक्का तारेसुद्धा कोणी पाहिलेले नाहीत. खेळणाऱ्याला सुरुवातीला एक छोटं जहाज मिळतं, त्याचं नाव साइडवाइंडर. मग व्यापार करा, माणसांची ने-आण करा, नवे तारे शोधा किंवा खाणकाम करा. लढाई केलीच पाहिजे असं नाही. आम्ही शोध आणि खाणकाम एवढंच करतो.

गंमत म्हणजे आपल्या सूर्यमालेत शिरायला तिथेही परवाना लागतो. आधी तिथल्या सरकारची कामं करून दर्जा मिळवायचा, मग परवाना. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगायला नको!

पहिली सूचना : आधी अंगणात चाला

श्रूजबरीजवळच्या ऑबर्न गावात रॉबर्ट गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रवरूप इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. ते अडीच सेकंद उडालं, ४१ फूट वर गेलं आणि कोबीच्या वाफ्यात पडलं. चंद्रावर माणूस गेला तो तिथूनच सुरुवात होऊन. तेव्हा नवशिक्यांनी घाई करू नये. पहिले आठ-दहा दिवस फक्त एका स्थानकातून निघून दुसऱ्या स्थानकात उतरायचा सराव करा.

उतरताना साडेसात किलोमीटरच्या आत आलात की परवानगी मागायची, मिळाली की वेग कमी करायचा, आणि चाकं काढायला विसरायचं नाही. ज्यांचे हात थरथरतात किंवा नजर मंद आहे त्यांनी 'डॉकिंग कॉम्प्युटर' बसवून घ्यावा, तो जहाज आपोआप उतरवतो. त्यात कमीपणा काही नाही. चष्मा लावतो तसंच हे.

आणखी एक सांगून ठेवतो. नवख्या माणसाला कोणी सांगेल, हटन नावाच्या स्थानकावर जा, तिथे मोठं जहाज फुकट मिळतं. ही जुनी थट्टा आहे. ते स्थानक इतकं लांब आहे की खऱ्या घड्याळाने तास-दीड तास नुसतं सरळ जात राहावं लागतं, आणि फुकट काही मिळत नाही.

दुसरी सूचना : इंधन बघा, मग तारे बघा

एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जहाज उडी मारतं. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, आणि एका उडीत अशी कित्येक प्रकाशवर्षं मागे पडतात. इंधन संपलं तर तिथे पेट्रोल पंप नाही. म्हणून 'फ्युएल स्कूप' नावाचं यंत्र घ्यायचं. ताऱ्याच्या कडेने हळू जाताना ते त्याच्यातूनच इंधन ओढून घेतं. फार जवळ गेलात तर जहाज तापतं, तेव्हा उष्णतेच्या आकड्यावर नजर हवी. उडी संपली की आपण थेट ताऱ्यासमोर येतो, म्हणून वेग ताबडतोब शून्यावर आणायचा.

पण प्रत्येक तारा इंधन देत नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम एवढ्या सात वर्गांचे तारे देतात. आपला सूर्य जी वर्गातला. एल, टी, वाय हे मंद तारे काही देत नाहीत. नकाशात फक्त सात वर्गांचे तारे दिसतील अशी सोय करता येते, ती पहिल्या दिवशीच करून ठेवा.

मुलींनो, या सात अक्षरांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असावी. ताऱ्यांचा हा क्रम इथल्याच हार्वर्डच्या वेधशाळेत ठरला, आणि ते काम केलं ॲनी जंप कॅनन या बाईंनी. त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. काचेच्या पट्ट्यांवर उमटलेला प्रकाश तपासून त्यांनी सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचे वर्ग लावले. त्या कामावर आज तुमचं जहाज चालतं.

एवढं करूनही इंधन संपलंच तर? 'फ्युएल रॅट्स' म्हणून खेळाडूंचाच एक गट आहे. २०१५ पासून ते अडकलेल्यांना जाऊन इंधन देतात, मोबदला घेत नाहीत. ते सर्वांत आधी विचारतात, जहाजावर प्राणवायूचा काटा उलटा मोजू लागला आहे का? लागला असेल तर लगेच खेळातून बाहेर पडून मुख्य पानावर यायचं, मग पुढचं बोलायचं. आम्ही इस्पितळात आयुष्य काढलं, तिथेही पेशंट आला की आधी श्वास बघायचा, नाव-गाव नंतर. हे वाचून आम्हाला या लोकांबद्दल फार आदर वाटला.

तिसरी सूचना : शोधलेलं घरी पोहोचवा

नव्या ताऱ्यापाशी पोहोचलात की शोधयंत्राचं बटण दाबून धरा. भोंगा वाजल्यासारखा आवाज होतो आणि तिथे एकूण किती गोल आहेत ते कळतं. मग दुर्बिणीसारख्या यंत्राने एकेक ग्रह ओळखायचा, आणि हवा तर जवळ जाऊन त्याचा पूर्ण नकाशा काढायचा. पाणी असलेले आणि पृथ्वीसारखे ग्रह चांगले पैसे देतात. तिथे आधी कोणी आलेलं नसेल तर शोधणाऱ्याचं नाव त्या ग्रहापुढे कायमचं लागतं.

पण नीट ऐका. ही सगळी माहिती स्थानकावर जाऊन विकेपर्यंत तुमच्या जहाजातच असते. वाटेत जहाज फुटलं तर महिनाभराची मेहनत गेली. नावही लागत नाही. जहाजाचा विमा असतो, किमतीच्या पाच टक्के भरले की नवं जहाज मिळतं, पण न विकलेली माहिती आणि माल यांना विमा नाही. म्हणून विम्याचे पैसे गाठीशी ठेवल्याशिवाय बंदर सोडू नका. ग्रहावर उतरण्याआधी तिथलं गुरुत्वाकर्षण किती ते वाचा. जड ग्रहावर जहाज दगडासारखं आपटतं.

चौथी सूचना : खाणकाम

शनीसारख्या कडी असलेल्या ग्रहांभोवती दगड फिरत असतात, तीच आपली खाण. असाच एक दगड फार पूर्वी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पडला, त्याच्या आघाताने लोणारचं सरोवर झालं.

छोट्या जहाजावरही चार वस्तू बसवून काम सुरू होतं : दगड फोडणारा लेझर, माल शुद्ध करणारी रिफायनरी, माल ठेवायची जागा आणि लिंपेट सोडणारी यंत्रं. लिंपेट म्हणजे समुद्रात खडकाला चिकटून बसणारा कवचधारी जीव. इथे ती छोटी यंत्रं आहेत, स्थानकावर विकत मिळतात. एका जातीचं लिंपेट दगडात काय आहे ते सांगतं आणि त्या दगडातून माल जास्त निघतो. दुसऱ्या जातीचं, उडालेले तुकडे वेचून आणतं. ते सोडताना एखाद्या तुकड्यावर नेम धरू नका. नेम धरला तर तेवढा एकच तुकडा आणून ते संपतं, नाही तर बराच वेळ आपलं आपण वेचत राहतं.

कडी चार प्रकारची असतात. प्लॅटिनम हवं तर धातूची कडी बघा, बर्फाच्या कड्यात हिऱ्याच्या जातीची रत्नं मिळतात. दिसेल तो दगड फोडू नका. आधी तपासा, चांगला निघाला तरच लेझर लावा.

रिफायनरीत खण असतात आणि एका खणात एकच खनिज. शंभर टक्के भरलं की एक टन माल तयार. आपले पूर्वज कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जायचे, त्यांच्या घाण्याचाही नियम तोच : तीळ वेगळे, खोबरं वेगळं. भलतंसलतं घेऊन खण अडवू नका. आणि मुलांनो, शनिवारी आपला घाणा बंद असायचा. खाणही बंद राहिली तर बिघडत नाही.

कड्यात शिरल्या शिरल्या चाचे येऊन माल बघतात. जहाज रिकामं दिसलं की निघून जातात. ते गेल्यावरच काम सुरू करा. आता सगळ्यात महत्त्वाचं : भरलेलं जहाज जड होतं आणि त्याची उडी आखूड होते. जिथे तीन उड्यांत आलात तिथून परत जायला चार-पाच लागतील. जाताना रिकाम्या जहाजाचा नव्हे, परतीच्या भरलेल्या जहाजाचा हिशेब करायचा.

खऱ्या जगात हे काम किती अवघड आहे तेही सांगतो. नासाचं ओसायरिस-रेक्स हे यान २०१६ साली निघालं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नू नावाच्या दगडाची माती घेऊन आलं. सात वर्षांत किती माल आला? १२१.६ ग्रॅम. पाव किलोच्या निम्माही नाही. तरी शास्त्रज्ञ आनंदले, कारण तो सुखरूप घरी पोहोचला.

आजी-आजोबांसाठी

बटणं मुलांना दाबू द्या, आपण तांडेल व्हा. सुकाणू नातवाच्या हाती, इंधन आणि अंतर आपल्या नजरेखाली. आमच्या जहाजावर आकडे मराठीतच सांगायचे असा नियम आहे. एकोणसत्तर म्हणजे किती आणि एकोणऐंशी म्हणजे किती, हे इथे वाढलेल्या मुलांना सांगून पाठ होत नव्हतं. इंधनाचा काटा खाली जायला लागल्यावर आपोआप पाठ झालं.

तब्येतीचं म्हणाल तर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा. अर्ध्या तासाने उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, पाय सुजत नाहीत. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर पडदा थोडा खाली ठेवा, नाही तर मान वर करून करून दुखते. डायबिटीस असेल तर औषध आणि जेवणाची वेळ खेळासाठी पुढे ढकलायची नाही. चक्कर आली तर खोलीत दिवा लावा आणि थांबा.

मुलांसाठी

सुरुवातीला 'सोलो' पद्धतीने खेळा, म्हणजे अनोळखी माणसं समोर येत नाहीत. कोणालाही नाव, पत्ता, शाळा सांगायची नाही. खरे डॉलर खर्चून वस्तू घ्यायची सोय खेळात आहे, पण त्याची गरज नाही. आई-बाबांच्या कार्डाला हात लावू नका.

आणि एक काम आजी-आजोबांना सोबत घेऊनच करा. स्थानक लांब असलं की पाच-दहा मिनिटं नुसतं जहाज पुढे जात राहतं, करायला काही नसतं. तेवढ्यात त्यांना विचारा : तुम्ही मुंबई सोडली तेव्हा पेटीत काय काय भरलं होतं? बंदरावर की विमानतळावर कोण कोण पोचवायला आलं होतं? उत्तरं वहीत लिहून काढा. आमच्या वयाच्या माणसांजवळ न विकलेली माहिती पुष्कळ आहे, आणि तिलाही विमा नाही.

सर्वांना सुखरूप परतीच्या शुभेच्छा. शालोम!